सुनीताताईंनी वाचू नये

जिभाऊ, तुम्ही गेल्याची बातमी आपल्या ग्रुपवर आली आणि बघता बघता तुम्हाला ज्याची सगळ्यात जास्त चीड होती तेच घडलं. सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलं. भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली. कुणी हात जोडले, कुणी पणती लावली. एकाने पांढऱ्या फुलांचं चित्र टाकलं, त्याच्या कोपऱ्यात साडीच्या दुकानाची जाहिरात होती. आणखी एकीने घाईघाईत केक टाकला आणि लगेच पुसला. केक बघून तुम्ही खूश झाला असता. निदान तो तरी वेगळा होता.

मी ग्रुप बंद केला. म्हणजे फक्त ॲडमिनने लिहायचं, बाकीच्यांनी वाचायचं, अशी फोनमध्ये सोय असते ती चालू केली आणि खाली लिहिलं: 'जिभाऊंबद्दल लिहायचं तर त्यांच्याच नियमाने लिहू. आधी मी लिहीन, मग ग्रुप उघडेन, मग प्रत्येकाने लिहावं.' एवढं करून मी गॅसवरची डाळ उतरवली. बँकेत आयुष्य गेल्यामुळे अशी कामं मला पटकन उरकता येतात.

मग लिहायला बसले आणि लिहिता येईना.

रडू येत होतं असं समजू नका. ते मला लवकर येत नाही, तुम्हाला माहीत आहे. अडलं ते वेगळ्याच जागी. तुमचं माझं एक भांडण अर्धं राहिलं होतं. एका कादंबरीखाली तुम्ही माझं नाव घालून ठेवलं होतं. ती कादंबरी मी वाचली नव्हती आणि नाव का घातलं ते तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. ज्या माणसाने आपल्याबद्दल काय मत करून ठेवलं आहे हे ठाऊक नाही, त्याच्याबद्दल आपण काय लिहायचं? त्यामुळे मी गप्प, आणि मी गप्प म्हणून ग्रुप गप्प. रोज कुणी ना कुणी मला वेगळा मेसेज पाठवायचं, 'ताई, कधी उघडणार?' मी लिहायची, 'उघडते.'

आता सुरुवातीपासून सांगते. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण तुम्हीच म्हणायचात की नवीन माणूस मध्येच आला तरी त्याला खुर्ची मिळाली पाहिजे.

'पुढचं पान' हा आपला ग्रुप मी सुरू केला तेव्हा हेतू साधा होता. सुरतेत मराठी माणसं भरपूर, पण मराठी पुस्तकाचं दुकान आपल्या कुणाच्या वाटेवर नाही. जो तो गावी गेला की येताना पुस्तकं आणायचा. धुळ्या-नंदुरबारकडून पापड, कळण्याचं पीठ आणि कादंबऱ्या एकाच पिशवीतून यायच्या. आपल्या कितीतरी पुस्तकांना अजून काळ्या मसाल्याचा वास आहे. कुणाकडे काय आहे ते कळावं आणि वाचून झालेलं पुस्तक पुढच्याकडे जावं, एवढ्यासाठी ग्रुप. मत लिहायचं ते जाता जाता. सगळे एकच लिहायचे: 'अप्रतिम, अवश्य वाचा.' लोणच्याच्या पुस्तकालाही अप्रतिम आणि दुष्काळावरच्या कादंबरीलाही अप्रतिम.

तुम्ही आलात ते कामरेजच्या चौधरींच्या ओळखीने. बरेच दिवस नुसते वाचत होतात. मग एका सकाळी लिहिलंत. सचिनच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात मी लॅब सांभाळत आलो, आमच्याकडे ड्रम आला की आत काय आहे ते बारीक अक्षरात असतं आणि कशापासून लांब ठेवायचं ते ठळक, कामाचं तेच असतं. मग पुढे: 'पुस्तक कोणी वाचावं ते सगळेच सांगतात. कोणी वाचू नये ते सांगा. म्हणजे माझं मला ठरवता येईल.'

मला ते एकदम पटलं. त्याच दिवशी मी नियम केला. प्रत्येक मताची शेवटची ओळ 'कोणी वाचू नये' हीच असेल. आणि 'अप्रतिम, अवश्य वाचा' कुठेही दिसलं की ॲडमिन ते पुसून टाकेल. नियम तुमचा, अंमलबजावणी माझी. ही वाटणी शेवटपर्यंत टिकली, आणि आपली भांडणंही तिच्यातूनच निघाली.

काय मजा आली त्यानंतर. स्तुती करताना माणसं एका साच्यातून निघतात, पण मना करताना प्रत्येकाला आपलं डोकं चालवावं लागतं. 'ज्यांच्या घरी लग्न ठरतंय त्यांनी वाचू नये.' 'ज्यांना नायिकेने सारखं खिडकीत उभं राहिलेलं खपत नाही त्यांनी.' 'ज्यांना भूक लागली आहे त्यांनी, यात पानोपानी मासे आहेत.' खरं तर मना केलेल्यांच्याच पुस्तकावर उड्या पडायच्या. ज्याला वाचू नये म्हटलं तो आधी मागायचा. तुमच्या ते लक्षात आलं होतं का? आलंच असणार. तुम्ही त्यावर कधी बोलला नाहीत, नुसता तो अंगठा टाकायचात.

नेहाचं आठवतं ना? ती साड्यांची डिझाइनं काढते, शाळा गुजरातीतून झालेली. मराठी वाचते सावकाश आणि लिहिते तिला येईल तसं. तिच्या सासूबाई, आपल्या कुंदाताई, यांनीच तिला हौसेने ग्रुपमध्ये आणलं. तिने पहिलं मत लिहिलं एका संसारी कादंबरीवर. चांगलं लिहिलं, मुद्द्याचं. आणि शेवटी: 'कोणी वाचू नये: माझ्या सासूबाईंनी.' ज्या ग्रुपात आपण लिहितो आहोत तिथेच सासूबाई बसल्या आहेत हे ती साफ विसरली होती. माझं बोट पुसायच्या बटणावर गेलं होतं. तेवढ्यात तुमचा फोन.

"पुसू नका, ताई. नियमात बसतं."

"जिभाऊ, त्यांच्या घरात आज जेवण शिजणार नाही."

"बाहेरून लोचो आणतील खायला. चालशे."

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंदाताईंचं मत आलं. कादंबरी रात्रीतून वाचून काढली होती त्यांनी. दोन ओळी कौतुकाच्या, मग 'कोणी वाचू नये: माझ्या सुनेने, दुसऱ्यांदा.' पुढच्या भेटीला दोघी एकाच स्कूटरवर आल्या, पुस्तक मधल्या पिशवीत. अजून दोघी एकमेकींना मना करतात आणि त्यांच्या घरात आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त वाचन होतं.

माझी आई गेली तेव्हाचं तुम्हाला मी कधी बोलून दाखवलं नाही. आता बोलते. तेव्हाही ग्रुपवर पणत्या लागल्या होत्या. तुम्ही एक शब्द लिहिला नाहीत. मला वाटलं, विसरले असतील, किंवा गेले असतील गावी शिरपूरला. मग ओळखीच्या रिक्षावाल्याबरोबर तुमच्याकडून एक पुस्तक आलं. एक माणूस जुन्या मोटारीतून प्रवासाला निघतो आणि मोटार दर गावात बंद पडते, असलं काहीतरी. संध्याकाळी तुमचा मेसेज: 'कोणी वाचू नये: ज्यांना अजून रडायचं आहे त्यांनी.' घरात पाहुणे होते, भावजय गहू निवडत होती. मी आतल्या खोलीत जाऊन वाचायला घेतलं. मोटार तिसऱ्या गावात बंद पडली तेव्हा मी इतकी हसले की भावजय धावत आली, हिला झालं काय म्हणून. तिलाही वाचून दाखवलं. त्या दिवशी आम्ही दोघी पहिल्यांदा नीट जेवलो. आभार मानायचे राहिले. तुम्ही बहुधा ते घेतलेही नसते.

आता मुद्द्याचं.

त्या कादंबरीवर तुम्ही लिहिलंत तेव्हा थंडी पडायला लागली होती. नीट, तुमच्या पद्धतीचं मत. लहान गावातलं मुलींचं वसतिगृह, तिथली रेक्टरबाई, भाषा साधी, कुठे फाफटपसारा नाही. आणि खाली: 'कोणी वाचू नये: सुनीताताईंनी.'

तोवर कुणी कुणाचं नाव घातलं नव्हतं, नेहा आणि कुंदाताई सोडून. ग्रुपवर हसणाऱ्या तोंडांचा पाऊस. मी तुम्हाला फोन लावला. म्हटलं, हे काय? तुम्ही म्हणालात, काही नाही, लेबल. म्हटलं, कारण? तुम्ही म्हणालात, ड्रमवर कारण लिहीत नाहीत.

मग मी हट्टाला पेटले. दुसरी कुणी असती तर त्याच आठवड्यात मागून घेऊन वाचली असती, आणि तुम्हाला तेच हवं असणार असा मला दाट संशय होता. म्हणून मी वाचली नाही. बाकी सगळ्या ग्रुपने वाचली. कादंबरी बमरोलीहून कामरेज, कामरेजहून अडाजण अशी माझ्या दारावरून फिरत राहिली. भेटलं की लोक माझ्याकडे बघून गालात हसायचे आणि विषय बदलायचे.

चौधरींच्या शेतावर आपण पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, खायला जमलो तेव्हा मी तुम्हाला गाठलंच. मी भेटीचा कार्यक्रम आखून पाठवला होता. आधी पुस्तकांची अदलाबदल, मग प्रत्येकाने थोडं बोलायचं, मग पोंक, शेव, चटणी, मग भरीत. प्रत्यक्षात काहीच वेळेवर झालं नाही. कणसं भाजणारा उशिरा आला, वांगी निम्मी कच्ची राहिली, आणि अदलाबदल करायच्या पुस्तकांवर कुणीतरी ताकाचं पातेलं ठेवलं. मी इकडून तिकडे फिरत होते. तुम्ही बाजेवर बसून हातावर पोंक चोळत होतात.

"बसा की, ताई. उशिरा आलं, पण आलं ना?"

"बसते. आधी सांगा, मी ती कादंबरी का वाचायची नाही?"

नेहा शेजारीच होती. तिला राहवलं नाही. "ताई, तुम्ही हजी... अजून नाही वाचली? बधाने, सगळ्यांनी वाचली!"

"तू गप गं," कुंदाताई म्हणाल्या. "चटणी दे इकडे."

"माझा अपमान आहे का त्यात?" मी विचारलं.

तुम्ही पोंकाचा एक घास खाल्लात, चांगला चावून. मग म्हणालात, "ड्रमवर 'आगीपासून लांब ठेवा' लिहितात ते आगीचा अपमान करायला लिहीत नाहीत."

"म्हणजे मी आग."

"ते तुम्ही बघा. मला ड्रमची काळजी."

सगळे हसले. मीही हसले, पण ते वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. तुम्ही मला पुस्तकापासून वाचवत होतात की पुस्तकाला माझ्यापासून? मी म्हटलं, आणि लेबल चुकीचं निघालं तर? तुम्ही म्हणालात, "मग परत टेस्ट करू. लॅब कशाला असते?" तेवढ्यात चौधरींनी भरीत झाल्याची हाक मारली आणि तुम्ही उठलात. भरितापुढे तुम्हाला कुठलंही साहित्य थांबवू शकत नसे.

मग तुम्ही आजारी पडलात. दवाखान्यात मी आले ती दुपारची वेळ होती. तुम्ही बारीक झाला होतात पण आवाज तोच. मी फळं टेबलावर ठेवली, चादर ओढून सरळ केली, औषधांच्या बाटल्या एका ओळीत लावल्या. तुम्ही बघत होतात. वहिनी म्हणाल्या, ताई आल्या की खोली कशी आवरल्यासारखी दिसते. तुम्ही म्हणालात, "तेच तर." आणि हसायला लागलात. हसता हसता खोकला आला. मी पाणी दिलं. मला तेव्हाच विचारायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण तुम्ही विचारलंत, सध्या काय वाचताय, आणि मी सांगत बसले, आणि त्या पुस्तकावरून आपण वाद घातला. लेखकाने मधली शंभर पानं कापायला हवी होती असं मी म्हणत होते, आणि तुम्ही म्हणत होतात, कापायला ते काय कापड आहे. मग नर्स आली आणि मला उठावं लागलं. जाताना मी म्हटलं, बरे होऊन या, मग बघते तुमच्याकडे. तुम्ही म्हणालात, "बठ्ठं बरं शे, ताई." सगळं बरं आहे. अहिराणीत बोललात म्हणजे तुम्ही दमला होतात. मला ते कळायला हवं होतं, की कळलं होतं, कुणास ठाऊक.

तुमच्या माघारी मी बमरोलीला तुमच्या घरी गेले. वहिनींनी चहा केला आणि तुमच्या कपाटातली आपल्या ग्रुपची पुस्तकं न्यायला म्हणून माझ्यापुढे आणून ठेवली. त्या स्वतः वाचत नाहीत, पण कुठलं पुस्तक घरचं आणि कुठलं फिरतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणाल्या, "लई जा ताई, आते घरमा कोन वाचनार शे?" त्या ढिगात सगळ्यात वर ती कादंबरी. साऱ्या गावाला वळसा घालून ती परत तुमच्याकडे आली होती.

मी विचारलं, हिच्याबद्दल काही बोलले होते का. वहिनींनी मुखपृष्ठ बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. म्हणाल्या, हे पुस्तक वाचताना हे एकटेच हसायचे, मी विचारलं काय झालं तर म्हणायचे, सुनीताताई. पुन्हा थोड्या वेळाने हसायचे, पुन्हा सुनीताताई. यापलीकडे त्यांना काही माहीत नव्हतं. जिभाऊ, नवऱ्याच्या माघारी कुणाच्या बायकोने मला इतक्या आनंदाने कधी काही सांगितलेलं नाही. आम्ही दोघी चहा गार होईपर्यंत हसत बसलो. शेजारीण दारातून डोकावून गेली. तिला काय वाटलं असेल ते वाटो.

पुस्तक घरी आणून मी फ्रिजवर ठेवलं. जाता येता ते दिसायचं. वाचलं तर तुमचा हट्ट पुरा होणार, नाही वाचलं तर ग्रुप कुलपातच राहणार. शेवटी एका रविवारी सकाळी सगळी कामं आवरली, पंखेसुद्धा पुसले, आणि दुसरं काही उरलं नाही म्हणून खिडकीपाशी वाचायला बसले. खिडकीपाशी, कारण तुम्ही सांगायचात की ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात नेला की वेगळा निघतो.

रेक्टरबाई मला पहिल्या पानापासून आवडली. कामाची बाई. वसतिगृहात सकाळी थोडाच वेळ पाणी येतं आणि मुली पुष्कळ, म्हणून तिने आंघोळीच्या पाळ्या लावलेल्या असतात. लेखिकेने त्या पाळ्या सविस्तर दिल्या आहेत. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की या पाळ्या बसत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या मुलींना दोनदा जिना उतरावा लागतो, आणि ज्यांचं कॉलेज लवकर त्यांचा नंबर नेमका शेवटी. मी पेन्सिल घेतली. फिरत्या पुस्तकात पेन्सिल लावायची नाही हा आपल्या ग्रुपचा नियम, तोही मीच केलेला. मी समासात पाळ्या नीट लावल्या. मग स्वयंपाकघराचं आलं, तिथेही रविवारची भाजी शनिवारीच निवडून ठेवली तर सगळं सुटसुटीत होत होतं. ते लिहिलं. मग एका मुलीच्या बापाला रेक्टरबाईने जे उत्तर दिलं ते मवाळ होतं, त्यापेक्षा बरं उत्तर शेजारी लिहिलं. दुपारचं जेवण झालं तरी पेन्सिल माझ्या हातातच होती.

आणि मग एका पानावर मी थांबले. समास भरला होता. जागाच उरली नव्हती. मी कादंबरी वाचत नव्हते, जिभाऊ. मी ती चालवत होते.

तेव्हा मला तुमचं लेबल समजलं. मी इतकी हसले की ह्यांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, जिभाऊ. तुम्ही ड्रमची काळजी करत होतात हे अगदी खरं होतं. त्या बिचाऱ्या पुस्तकाला तुम्ही माझ्यापासून लांब ठेवत होतात. पेन्सिलीचं तुम्हाला आधीच दिसलं असणार. आंघोळीच्या पाळ्या वाचतानाच तुम्ही म्हणाला असाल, सुनीताताई.

टेस्ट झाली. लेबल बरोबर होतं. हे मी इथे सगळ्यांसमक्ष लिहून देते.

पण शेवट वाचल्यावर भांडायला मी पुन्हा तयार झाले. शेवटी रेक्टरबाई आजारी पडते, अंगणातल्या बाकावर बसून राहते आणि मुली वसतिगृह आपापल्या मनाने चालवायला लागतात. वाईट चालवतात. पाळ्या मोडतात, पाणी जातं, एकीच्या केसांत साबण तसाच राहतो, चहा कधी होतो तर कधी होत नाही. रेक्टरबाई बाकावरून सगळं बघते आणि आत जात नाही. पेरू खात बसते. संपली कादंबरी. मला भयंकर राग आला. ती आत का गेली नाही? दोन मिनिटांचं काम होतं. मी पुस्तक मिटलं, फोन घेतला आणि तुमचं नाव काढलं.

नाव काढेपर्यंत माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. मग आलं. तुम्ही गेलात ते मला खरं तर त्या वेळी कळलं. त्याआधी मी नुसतं काम करत होते. भांडण तयार आहे, मुद्दे तयार आहेत, आणि पलीकडे घ्यायला कुणी नाही. असं भांडण घेऊन माणसाने जायचं कुठे?

मग मी तुमची बाजू स्वतःच मांडून बघितली. फार कष्ट पडले नाहीत. तुम्ही हातावर पोंक चोळत म्हणाला असता, "चहा उशिरा झाला, पण झाला ना?" त्यावर मी काय म्हटलं असतं तेही मला माहीत होतं, आणि त्यावर तुम्ही काय म्हटलं असतं तेही. पुष्कळ वेळ चाललं आपलं. तुम्ही हरला नाहीत. मीही नाही. बरं वाटलं.

संध्याकाळी मी ग्रुप उघडला. माझं मत आधी लिहायचं ठरलं होतं, पण लिहायच्या आधीच उघडला. म्हटलं, बघू या.

जे झालं ते बघून तुम्ही बाजेवरून पडला असता. कुणी क्रमाने लिहिलं नाही. कुणी दोन ओळी लिहिल्या, कुणी पानभर. नेहाने अर्ध्या गुजरातीत रेकॉर्ड करून पाठवलं, तिच्या मागे यंत्रांचा एवढा खडखडाट की निम्मं ऐकूच येत नाही. चौधरींनी तुमचा भरीत खातानाचा फोटो टाकला, त्यात तुमचं तोंड उघडं आहे. तुमचा नियम मात्र सगळ्यांनी पाळला. 'जिभाऊंना कोणी भेटू नये: ज्यांना लवकर घरी जायचं आहे त्यांनी.' 'ज्यांना आपल्या ताटातलं भरीत वाटून घ्यायचं नाही त्यांनी.' 'ज्यांनी पुस्तक न वाचता वाचलं असं सांगितलं आहे त्यांनी.' वहिनींना मी त्याच दिवशी ग्रुपमध्ये घेतलं. त्यांनी सगळं कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि शेवटी एक ओळ लिहून घेतली: 'कोणी लग्न करू नये: जिला बोलल्याशिवाय चैन पडत नाही तिने. मी केलं. भरपूर बोलले.'

बोटं शिवशिवत होती. त्याच त्या गोष्टी पुन्हा आल्या होत्या, फोटो दोनदा पडले होते, एक मत तर भलत्याच पुस्तकाचं होतं. मी काहीही सरळ केलं नाही. घरात पेरू नव्हता, म्हणून सफरचंद कापून घेतलं आणि बसून वाचत राहिले.

सगळ्यांचं झाल्यावर मी माझं लिहिलं. ते असं:

'जिभाऊ. थोडं बोलणारा, सावकाश चावणारा माणूस. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कुठेही फाफटपसारा नाही. शेवट मला पटलेला नाही, फार लवकर आला. समास भरपूर सोडले होते, त्यात मी पुष्कळ लिहिलं. ते त्यांनी कधी खोडलं नाही. कोणी भेटू नये: ज्यांना आपलंच बरोबर आहे असं शेवटपर्यंत वाटत राहायला हवं त्यांनी. मी भेटले. फार बरं झालं.'

त्याखाली लगेच कुंदाताईंचं आलं. घाईत असणार, किंवा नसेलही. 'अप्रतिम. अवश्य वाचा.'

मी ते पुसलं नाही, जिभाऊ.